लॅमिनेट झालेली नोट

मित्रांनो, मी परक्या राजाच्या अमलात छापलेली एक जुनी नोट आहे. माझी एकच बाजू छापलेली, पाठ कोरी; तेव्हा आमची रीतच तशी होती. तरुणपणी मला बूड टेकायला सवड नसे. सकाळी धान्याच्या दुकानात, दुपारी गोदीवर, संध्याकाळी कोणाच्या तरी कमरेला. मग राजा गेला, राज्य गेले आणि मी एका पेटीच्या अस्तराखाली पडून राहिले.

ती पेटी उघडायला एका किल्लीवाल्याकडे आली. त्याला जुन्या नोटा जमवायचा नाद. पेटीच्या मालकाने मजुरीऐवजी मलाच देऊन टाकले.

किल्लीवाल्याचे हात तेलाने काळे, म्हणून तो मला चिमट्यानेच उचलत असे. घरात दुसऱ्या कोणी मला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. पण माझ्यापायी त्याच्या जिवाला घोर लागला. ओल येईल, कसर लागेल, घडीवर फाटेल! जेवता जेवता उठून तो कपाट उघडून पाही. त्याची बायको म्हणे, सासूबाईंच्या आजारपणातही हा माणूस इतक्या वेळा उठला नव्हता.

त्याचा मित्र चष्मेवाला, त्यालाही हाच नाद. किल्लीवाल्याला हव्या असलेल्या माझ्या चार धाकट्या बहिणी त्याच्याकडे होत्या. मला देऊन त्या घ्यायच्या, असे दोघांत ठरले. तेव्हापासून तर किल्लीवाल्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. द्यावी की ठेवावी? घरात मात्र तो चकार शब्द बोलला नाही.

त्याची मुलगी नुकतीच झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली होती. बापाची तगमग तिला पाहवेना. एके सकाळी तिने मला वहीत घालून दुकानात नेले आणि दोन तापलेल्या रुळांमधून ओढून काढले. मित्रांनो, तो चटका मी विसरलेले नाही. दोन्ही अंगांनी प्लॅस्टिक चिकटले आणि माझा श्वास कोंडला.

संध्याकाळी तिने मला बापाच्या तळहातावर ठेवले.

"बाबा, आता कसरीच्या सात पिढ्या आल्या तरी हिला काही होणार नाही."

प्लॅस्टिक चिकटलेल्या नोटेला जमवणारे कवडीचेही मोल देत नाहीत; त्यांच्या लेखी मी आता मेले होते. तो "छान केलंस" एवढेच म्हणाला, आणि झोपेपर्यंत नुसता आत-बाहेर करत राहिला.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला माझ्या बहिणींना घेऊन आला. मला पाहताच त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मुलगी समोरच उभी होती. त्याने तोंड उघडण्याआधीच किल्लीवाला म्हणाला की, द्यायची नाही असे ठरवले आहे. लेकीने किती मायेने जपली आहे बघ.

चष्मेवाला माझ्या बहिणींचे पाकीट घेऊन निघाला. पण मुलगी काही दूधखुळी नव्हती. तिने त्याला जिन्यात गाठून खोदून खोदून विचारले. परतली ती रडवेली होऊन, आणि तिने थेट कात्री उचलली. बापाने तिचा हात धरला.

"कापू नकोस. प्लॅस्टिकबरोबर शाईही निघून येईल."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत, बाबा?"

"काय बोलणार? हिच्याबद्दल मी घरात कधी कोणाला धड सांगितलं नाही. नुसतं हात लावू नका म्हणत राहिलो."

त्या संध्याकाळी त्याने तिला शेजारी बसवून माझ्यावरचे अक्षरन् अक्षर समजावून सांगितले आणि मला तिच्याच हवाली केले.

आता मी तिच्या दुकानात, गल्ल्याशेजारी असते. कोणी आजोबांचा दाखला आणतो, कोणी जुने पत्र. ती आधी विचारते, "मूळ कागद आहे का? मग याची झेरॉक्स काढू आणि तीच लॅमिनेट करू." कोणी हुज्जत घातली की ती मला पुढे करते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण आधी जाणत्याला विचारा. आणि जाणते तुम्हीच असाल, तर घरच्यांना सांगा. यंत्र तापल्याचा वास आला की मला अजून धडकी भरते. समोरचा माणूस आपला कागद पुन्हा पिशवीत ठेवीपर्यंत मला चैन पडत नाही.