टेबलावर आलेली बाही

धाकट्या जावेला सोबत न्यायचं थोरलीच्या मनात मुळीच नव्हतं. वर्षातून एकदा तिघी मैत्रिणी भाड्याच्या बंगल्यात जमायच्या, आपापली मशीनं मांडायच्या आणि घरच्यांना विसरून गोधड्या शिवायच्या. आता घरच्यांना विसरायला निघताना घरातलंच माणूस बरोबर घ्यायचं म्हणजे काय! पण सासूबाई म्हणाल्या, "तिलाही ने की, बिचारी कुठे जात नाही," आणि थोरलीला नाही म्हणता आलं नाही. गाडीत तिने बजावलं, "तिथे उगाच मध्ये मध्ये करू नकोस. माझ्या मैत्रिणी आहेत त्या."

धाकटीने मान डोलावली. घरीही ती तशीच डोलवायची.

बंगल्यात एकच कायदा होता आणि तो बाईंनी केला होता. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी कायदे करायची खोड सुटली नव्हती. मधल्या मोठ्या टेबलावर जे कापड पडेल ते सगळ्यांचं, कुणीही उचलावं, कापावं. खुर्चीच्या पाठीवर असेल ते जिचं तिचं, त्याला हात लावायचा नाही.

दुपारी बाकीच्या फिरायला गेल्या. थोरली मागे राहिली, कारण तिची गोधडी काही केल्या जमत नव्हती. पिवळे आणि तांबडे तुकडे एकमेकांच्या अंगावर धावून येत होते. मध्ये कुठेतरी शांत निळा हवा होता. आणि तो समोरच होता. औषधांचं दुकान चालवणाऱ्या मैत्रिणीच्या खुर्चीवर निळ्या चौकडीचा पुरुषी शर्ट टाकलेला होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. शर्ट खुर्चीवर, पण त्याची एक बाही टेबलावर आली होती. बाही टेबलावर म्हणजे शर्ट टेबलावरचाच, असं थोरलीने स्वतःला पटवलं. असल्या वकिलीत ती पहिल्यापासून पटाईत. तिने शर्टाची घडी घातली, पट्टी ठेवली आणि कापायचं गोल पातं फिरवलं. चौकोन अगदी नेटके निघाले.

ते मांडून बघते आहे तोवर सगळ्या परत आल्या.

"माझा शर्ट पाहिलात का गं कुणी?" मैत्रीण खुर्चीपाशी थबकली. "निळा. ह्यांचा."

ह्यांचा म्हणजे तिच्या नवऱ्याचा. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. थोरलीने अस्तराचं कापड हळूच चौकोनांवर ओढलं.

"अजून कापायचा की नाही तेच ठरत नव्हतं," मैत्रीण टेबलाखाली वाकून शोधत म्हणाली. "म्हटलं, तुमच्यात बसले की धीर होईल."

बोल, आत्ता बोल, असं थोरली मनात म्हणत होती. हात मात्र अस्तराच्या कडा सारख्या करत होते.

"माझ्याच हातून गेला असेल," धाकटी म्हणाली. "सकाळी टेबल आवरलं मी. चिंध्यांची पिशवी कचऱ्याच्या गाडीत दिली. त्यातच... चुकलं माझं."

"अगं, विचारायचं तरी!" बाई कडाडल्या. मैत्रीण नुसती खुर्चीवर बसली. आणि थोरलीला अखेर वाचा फुटली.

"मी हिला आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली, "मध्ये मध्ये करू नकोस म्हणून."

आपल्या तोंडून हे निघालं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. धाकटी स्वयंपाकघरात जाऊन कप विसळू लागली. थोडा वेळ मशीनशी चाळा करून थोरली तिच्यामागे गेली.

"त्या पिशवीत शर्ट नव्हता हे तुला ठाऊक होतं?"

"होतं. बाईंचा चष्मा न्यायला मी मधेच आले होते. तुम्ही कापत होतात."

"मग असं का सांगितलंस?"

धाकटीने कप पालथा घातला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

"ताई, सगळ्यांसमोर तुमची मान खाली गेली असती, तर त्याचं घरी मलाच निस्तरावं लागलं असतं. ह्या बायकांची बोलणी आजच्यापुरती आहेत. तुमच्याबरोबर मला रोज राहायचंय."

थोरली मेल्याहून मेल्यासारखी झाली. शर्टाची लाज वाटत होतीच. ही लाज त्याहून मोठी निघाली. तिने बाहेर येऊन अस्तर बाजूला केलं आणि सगळे चौकोन मैत्रिणीच्या मांडीवर ठेवले.

"मी कापला. खुर्चीवरून घेऊन कापला. तिचा काही संबंध नाही."

मैत्रिणीने एकेक चौकोन हातात घेतला. एकावर खिशाचा अर्धा भाग होता, त्यावरून तिने अंगठा फिरवला. मग थोरलीकडे न बघता तिने आत हाक मारली.

"अगं ए, ये बाहेर. इथे बस माझ्याजवळ."

धाकटी हात पुसत दारात आली. मैत्रिणीने सरकून जागा केली होती, बाईंनीही खुणावलं. तरी धाकटी उभीच राहिली, आणि बसू का, असं तिने डोळ्यांनी थोरलीला विचारलं.