अर्ध्या तासाचं तेज

पवनानगरच्या पटांगणावर त्या रविवारी संध्याकाळी एवढी गर्दी लोटली होती, की धरणावर आलेल्या पर्यटकांना आज बाजार आहे असं वाटलं. बाजार नव्हता, तेजोनाथ महाराज आले होते. ते भक्तांच्या डोळ्यांत 'नेत्रतीर्थ' घालत आणि मग भक्तांना महाराजांच्या डोक्याभोवती तेज दिसे.

"चर्मचक्षू सबके पास हैं, दिव्यचक्षू किसके पास?" महाराज विचारत. रंगात आले की ते हिंदीत शिरत, कारण मराठीत बोललं की लोकांना अर्थ कळतो.

"तुमच्याकडं, म्हाराज!"

चेला तांब्याच्या गडूत ड्रॉपर बुडवून ओळीने थेंब घाली. ड्रॉपर एक, डोळे शंभर. मग अर्धा तास डोळे मिटून नामस्मरण. ते संपलं की महाराजांच्या पाठीमागे मोठा दिवा लागे आणि मंडपात हुंदके सुरू होत.

"दिसलं! लय लखलखाट हाय!" आंबी गावातल्या कारखान्यात काम करणारा आमचा शेजारी पवन रडायलाच लागला. थोड्या वेळाने त्याने फोन काढला. "म्हाराज, मेसेज वाचता येईना. अक्षरं पुसाट झाली."

"बेटा, माया धूसर झाली!" महाराज म्हणाले, आणि पवन आणखी रडला.

मी शालन. लोणावळ्यात डॉक्टर अमृताबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अकरा वर्षं काम करते. बाई सांगतील त्या पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालते, अर्धा तास डोळे मिटून बसवते आणि बजावते, जवळचं पुसट दिसेल, उजेड सोसणार नाही, गाडी चालवू नका. म्हणजे महाराजांचा चमत्कार मी रोज वीस-पंचवीस माणसांवर करते, फक्त माझ्या पाया कुणी पडत नाही. त्या संध्याकाळी मंडपातच पवनच्या डोळ्यावर मोबाइलची बॅटरी धरली, तर बाहुली टपोरी, उजेडाने जरासुद्धा आकसेना. मी मनात हसले आणि घरी आले. तेव्हाच ओरडायला हवं होतं, याची मला आजही लाज वाटते.

कारण बायकांच्या ओळीत माझी सख्खी मावशी भागुबाई बसली होती, आणि मला ते माहीत नव्हतं. मावशीला एकच डोळा. दुसरा लहानपणी भाताचं पातं लागून गेला.

सोमवारी सकाळी तिच्याकडे गेले, तर ती डोकं गच्च धरून ओकत होती. डोळा लालभडक.

"पाप निगतंय गं," ती म्हणाली. "म्हाराज म्हन्ले, जेवढं दुखंल तेवढं पाप."

मी तिच्यासमोर हात धरला. "बोटं किती, मावशी?"

"बोटं कुटं हायेत?"

जीप करून तिला थेट लोणावळ्याला नेलं. बाईंनी डोळ्याचा दाब मोजला, लगेच औषधं सुरू केली, दाब उतरल्यावर लेसर केलं. मावशीच्या डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायची वाट मुळातच अरुंद. बाहुली मोठी झाली की ती वाट बंद होते, डोळा आतून ताठतो आणि नजर कायमची जाऊ शकते. म्हणून आमच्या दवाखान्यातल्या तिच्या केसपेपरवर दोन वर्षांपूर्वीच लाल अक्षरांत लिहिलं होतं, बाहुली मोठी करणारे थेंब घालू नयेत. लेसर करून घ्यायलाही बाईंनी सांगितलं होतं, पण मावशी आज-उद्या करत राहिली.

"तू गेलीस कशाला त्या भोंदूकडे?" मी चिडून विचारलं.

"तुमी कुटं घालता मला थेंब?" मावशी रडत म्हणाली. "दोन वर्सं बाकावर बसती मी. समद्यांला घालती तू, आन् मला म्हन्ती, मावशी, तुला न्हाई. म्या म्हन्लं, चांगलं औशद मोठ्या लोकांला आसंल."

का नाही, हे मी तिला दोन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बाई आणि मी मंडपात गेलो.

"महाराज," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आज तीर्थ तुम्ही घ्या. मग अर्ध्या तासाने तुमचीच पोथी आम्हाला वाचून दाखवा."

"बालिके, आम्हाला तेज दिसतंच."

"मग दोन थेंबांनी काय बिघडतंय? घाला की म्हाराज!" पवन म्हणाला.

भोळ्या चेल्याने खरंच ड्रॉपर पुढे केला. महाराज दचकून मागे सरले. हिंदी पार पळाली. "ए, नको! मला अजून गाडी चालवत तळेगावला जायचंय!"

पवन उठून उभा राहिला.

"आन् आमी गाड्या चालवतच घरी गेलतो, त्याचं काय?" त्याने विचारलं.

बाईंनी चेल्याच्या झोळीतून लेबल खरवडलेल्या औषधाच्या बाटल्या काढल्या. "बाहुली म्हणजे डोळ्याची खिडकी," त्या म्हणाल्या. "या थेंबांनी ती सताड उघडी राहते. नको तेवढा उजेड आत शिरतो आणि कुठल्याही दिव्याभोवती किरणं फुटतात." त्यांनी दवाखान्यातल्या बंद बाटलीतला थेंब माझ्या डोळ्यांत घातला. माझे डोळे त्यांनी आधीच तपासले होते. अर्ध्या तासाने मला जीपच्या दिव्याभोवती तेज दिसलं, वडापावच्या गाडीवरच्या बल्बभोवती दिसलं, आणि खरं सांगायचं तर सरपंचांच्या टकलावरही थोडं दिसलं. लोक पोट धरून हसले. पोलीस येईपर्यंत महाराजांना कुणी हलू दिलं नाही.

मावशीचा डोळा वाचला. कडेचं थोडं दिसणं गेलं ते गेलंच. म्हणून हात जोडून सांगते, डोळ्यात थेंब किंवा मलम घालू देण्याआधी विचारा: हे काय आहे, कशासाठी आहे, मला चालेल का? भगव्या कफनीला विचारा आणि पांढऱ्या कोटालाही विचारा. उत्तर मिळालं नाही तर डोळा उघडू नका.

परवा दवाखान्यात मी डोळ्याच्या दाबाच्या औषधाची बाटली घेऊन मावशीजवळ गेले, तर तिने डोळा घट्ट मिटला. "आदी सांग, ह्यात काय हाय?" बाकावरचे सगळे ऐकत होते. मी औषधाचं नाव वाचलं, ते काय करतं ते सांगितलं, कधीपर्यंत चालेल ती तारीखही वाचून दाखवली.

"आता घाल," मावशी म्हणाली आणि तिने डोळा उघडला.