शनिवारी दाराबाहेर राहिलेला वॉकर

मी वॉकर बोलतोय. म्हातारी माणसं पुढे धरून चालतात ना, तोच. पाय चार, पण कुणी उचलून ठेवल्याशिवाय एक पाऊल पडत नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी लोखंडाचा नाही. ॲल्युमिनियमचा आहे! हे तेव्हा बोलता आलं असतं, तर नव्या घरातले माझे पहिले दोन तास दाराबाहेर गेले नसते.

२०१२ साल असेल. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या विनायकने मला दुकानातून आणलं. त्याची आई गोदूबाई पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आता उभं राहायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ऐटीत दारापर्यंत आलो, तोच आतून आवाज आला, "आज शनवार हाय! लोखंड घरात आनू नको!"

झालं! मला चपलांशेजारी उभं केलं. "आईपुढे कुणाचं चालतंय?" म्हणत विनायक कामावर निघून गेला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण उघड्या दारातून आतलं दिसत होतं. सून कुमुद पाण्याचा पेला घेऊन उभी आणि गोदूबाई तोंड फिरवतेय. पाणी प्यायलं की बेडपॅन मागावं लागतं, आणि ते सुनेला उचलावं लागतं. त्या लाजेपायी बाईने चार दिवस पाणी जवळजवळ तोडलंच होतं. ओठ पार सुकले होते. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

शेवटी कुमुदने फ्रिजवरचं चुंबक काढलं आणि मला लावून पाहिलं. चिकटेना. एका स्क्रूला तेवढं चिकटलं, तीच काय ती माझी नाचक्की. "आई, बघा, लोखंड नाहीच हे!"

"चुंबकाला काय कळतंय? तुज्या सासऱ्यांनी शनवारीच सायकल आनली व्हती. आठ दिवसांत पळस्प्याला ट्रकखाली गेले."

कुमुद खाटेवर टेकली. सासऱ्यांचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "म्हणून शनिवार?"

गोदूबाईने आपल्या पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पळस्प्यापर्यंत चालत जायचे. पाय सुजायचे. मीच मागं लागले, सायकल घ्या, सायकल घ्या. शनवारचा दोष नाय, तर मग कोनाचा गं?"

आई गं! एवढी वर्षं सगळा दोष बिचाऱ्या शनिवारवर टाकून ही बाई कशीबशी जगली होती.

कुमुदने तिचा हात हातात घेतला. "त्यांच्या पायांची काळजी केलीत, त्याला दोष म्हणतात होय, आई?"

गोदूबाई खूप रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आन त्याला आत."

तिचे दोन्ही हात माझ्यावर पडले. मोरीपर्यंत सात पावलं. कुमुद मागे हात पसरून, पण न धरता. गोदूबाईने मोरीचं दार आपल्या हाताने लोटून घेतलं, तेव्हा कुमुद भिंतीला टेकून हसत होती आणि रडतही होती. बाहेर आल्यावर म्हातारीने पाणी मागितलं. दोन पेले प्यायली.

गोदूबाई जाऊन आता तीन वर्षं झाली. कुमुदने मला रोडपालीच्या एका आजोबांना देऊन टाकलं. ते अमावास्येला उंबरा ओलांडत नाहीत, आणि नातवंडं खो खो हसतात. पोरांनो, समजूत जरूर काढा त्यांची. पण त्याआधी जवळ बसून एकदा विचारा, कुठल्या अमावास्येला काय झालं होतं ते. मला विचारता येत नाही. मी नुसता त्यांच्या खाटेपाशी उभा असतो.