पोळ बरसीमात शिरला

फारूक आयुष्यात पुष्कळ गोष्टींना भ्यायला होता. मस्कतला दुसऱ्याच्या डेअरीत राबताना तो मुकादमाला भ्यायचा, उन्हाला भ्यायचा आणि सुट्टीवर पनवेलला आला की बायकोला, साबिराला, भ्यायचा. गवताला मात्र तो कधी भ्यायला नव्हता. गवताला कोणी भितं का? त्याला भ्यायची वेळ आली दोन हजार पंधरा सालच्या थंडीत, आणि तीही स्वतःच्या हाताने पेरलेल्या गवताला.

मस्कत सोडून परत आल्यावर त्याने दोन म्हशी घेतल्या आणि आपटा गावाच्या अलीकडे पाताळगंगेच्या काठी वडिलार्जित भाताचं खाचर होतं, तिथे गोठा बांधला. राहायचं पनवेलच्या मोहल्ल्यात आणि रोज सकाळी मोटारसायकलवरून म्हशींकडे जायचं. भात कापल्यावर खाचर पुढच्या पावसापर्यंत उताणं पडून राहतं, हे त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. नदीला पाणी होतं, गोठ्यात पंप होता. त्याने बरसीम पेरायचं ठरवलं, आणि जोडीला ओट. बरसीम म्हणजे मेथीची थोरली बहीण. तीन-तीन पानांचं, थंडीत वाढणारं, कापावं तितकं पुन्हा फुटणारं. शेवटी उरेल ते नांगरून मातीत गाडायचं, म्हणजे पुढच्या भातालाही बाळसं येतं.

बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेली जिवाणूंची काळी पूड चोळायची असते. ते काम त्याने घरी परातीत आरंभलं.

"माझ्या चहात साखर घालायची म्हटलं की डॉक्टर आठवतो तुम्हाला," साबिरा म्हणाली. "आणि गवताला गूळ!"

खाचरात घोटाभर पाणी भरून, चिखल करून फारूकने बी फेकलं. बरसीम असं उगवलं की बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. ओट मात्र चिमण्यांनी वेचून खाल्ले.

शेजारच्या खाचराचा मालक आनंदा. बरसीमाचं पान तोडून त्याने ते चघळून पाहिलं.

"डाळ टाकली का भाजी होईल हिची. पन शेट, आमच्याकडं भात कापलं का गुरं उनाड सोडतात, म्हाईत हाय ना? मग कुनाचं गोरू कुनाच्या शेतात, इचारायचं नाय. तुमचंच एकलं हिरवं हाय. येतीलच."

म्हणून फारूकने करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि गुरांना भीत बसला. त्याच्या स्वतःच्या म्हशींना आधी पोटभर पेंढा आणि मग दव सुकल्यावर बरसीम, असा नेम होता. बियाणेवाल्याने बजावलं होतं: ओट मिसळलेले असले तर ठीक, पण नुसतं बरसीम, तेही दवाने ओलं, रिकाम्या पोटी हावरटासारखं खाल्लं तर पोटात वारा धरतो, जनावर फुगतं आणि उभ्या उभ्या मरतं. हे त्याने गावात कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या जनावराला बरसीम घालायचा त्याचा विचारच नव्हता.

त्या सकाळी तो पोचला तेव्हा कुंपणाला खिंडार पडलं होतं आणि खाचराच्या मधोमध गावदेवीचा पोळ उभा होता. लहानपणीच देवीच्या नावाने सोडलेला बैल, कधी जुंपलेला नाही, कोणी काठी उगारलेली नाही. हक्काच्या पाटावर बसल्यासारखा तो चरत होता.

"हाड! हाड रे!" फारूक ओरडत धावला. तोवर त्याचा जीव बरसीमात होता. जवळ गेल्यावर त्याला पोळाची डावी कूस दिसली. ती पाठीच्या कण्याच्याही वर आली होती आणि बोटाने टिचकी मारल्यावर ढोलासारखी वाजली. पोळाने एकदा कण्हून जीभ बाहेर काढली आणि पुढचे पाय मुडपून तो खाली बसला.

 फारूक शेताचा हिशेब विसरला. त्या वर्षी साबिरा रोज त्याच्या आधी वर्तमानपत्र उघडायची आणि गुरांवरून माणूस मारल्याच्या बातमीचं पान आत दुमडून त्याच्या हातात द्यायची. ती सगळी दुमडलेली पानं आता त्याच्यासमोर एकदम उलगडली.

मग त्याने जे केलं ते त्याने साबिरालाही सांगितलेलं नाही. तो पोळाच्या मागे गेला आणि त्याला आनंदाच्या खाचरात ढकलायला लागला. मरायचंच असेल तर बांधापलीकडे मर, बाबा! हे शेजारधर्मात बसत नव्हतं, पण भीतीला कुठला शेजार? पोळाने मान वळवून त्याच्याकडे फक्त पाहिलं.

"शेट, काय करताव?" बांधावर आनंदा उभा होता.

"उठवतोय," फारूक म्हणाला. तेवढं खरं होतं.

आनंदाने कूस पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. दोघांनी मिळून पोळाच्या तोंडात आडवी काठी बांधली, बांबूच्या नळीने बाटलीभर गोडेतेल घशाखाली घातलं, पोट चोळलं. पोळ फुगतच राहिला. फारूकने पनवेलच्या गुरांच्या डॉक्टर मनिषाताईंना फोन लावला.

"निघालेय, पण फाटकात अडकलेय. मालगाडी उभी आहे," त्या म्हणाल्या. "वाट पाहू नका. डावी कूस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे. टोकदार सुरी खुपसा, रोख पुढच्या उजव्या पायाकडे. आणि सुरी लगेच काढू नका, जरा फिरवून धरा, वारा जाऊ द्या."

"डॉक्टर, माझं नाव ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"फारूकभाई. का?"

"हा गावदेवीचा पोळ आहे. हे शेत माझं. आणि तुम्ही मला सांगताय, सुरी घे."



"फारूकभाई," त्या म्हणाल्या, "सुरी नाही घेतलीत तर तो मरेल. तेव्हाही शेत तुमचंच असेल."

गोण्यांची शिवण उसवायची सुरी गोठ्यात होती. फारूकने ती आणून आनंदापुढे धरली.

"तू मार."

"मी? देवीच्या पोळाला? सात पिढ्यांचं वाटोळं होईल!"

"मग मी मारू?"

"तुमी? नको, नको!" हे आनंदा पहिल्यापेक्षा जास्त घाईने म्हणाला.

एकाला देवीची भीती, दुसऱ्याला माणसांची. दोघांनी ती सुरी मानाच्या विड्यासारखी दोनदा एकमेकांना देऊ केली. तिसऱ्यांदा ती फारूकच्या हातात असताना बांधावर माणसं आली. पुढे काठी घेतलेला गावातला काळूराम आणि मागे देवीच्या देवळात दिवाबत्ती करणारी ठमाबाई.

"त्याच्या हातात काय हाय?" काळूराम म्हणाला.

 फारूकला सुरी टाकायची होती, पण बोटं उघडेनात. काळूराम बांध उतरला. तेव्हा आनंदाने फारूकचा अजून चालूच असलेला फोन हिसकून उंच धरला.

"डाक्टरीनबाईंनी सांगितलंय! ऐक! बाई, सांगा यांना!"

मनिषाताईंनी सांगितलं. फोनच्या खरखरीत अर्धं कळलं, अर्धं नाही.

"आनि मेला तर?" काळूरामने विचारलं.

"मरतोयच ना तो!" ठमाबाई कडाडली. "डोळं फिरवलंन, दिसत नाय? मारा कुनीतरी!"

'कुनीतरी' म्हटल्यावर सगळे नदीकडे बघायला लागले. काळूरामलाही काठी दोन्ही हातांनी धरण्यापुरतंच काम उरलं.

फारूक गुडघ्यावर बसला. सुरीचं टोक बरगडीवरून घसरलं. कूस चाचपून त्याने जागा धरली आणि कुठल्याही कामाच्या आरंभी आपसूक येणारा शब्द त्याच्या ओठांवर आला.

"बिस्मि..."

हातात सुरी, समोर पोळ, आणि जनावर कापतानाही म्हणतात तोच हा शब्द! फारूकने तो अर्ध्यावरच गिळला. त्याच क्षणी आनंदा सगळ्या गावाला ऐकू जाईल असा गरजला, "आई माऊली, सांभाळ गो!" आणि त्याने फारूकच्या मुठीवर आपली मूठ आवळली. सुरी आत गेली.

काहीच झालं नाही. पात्याच्या कडेने थोडा हिरवा फेस आला. काळूराम एक पाऊल पुढे आला. "फिरवा! फिरवा!" फोन ओरडत होता. फारूकने डोळे मिटून सुरी फिरवली आणि फुस्सकन असा वारा सुटला की पुढची रांग नाक दाबून मागे सरकली. आंबलेल्या बरसीमाच्या वासाने सगळं खाचर भरलं. कूस हळूहळू बसली. पोळाने लांब श्वास घेतला, जीभ आत ओढली, आणि ठमाबाई मटकन खाली बसून रडायला लागली.

मनिषाताई आल्या, टाके घातले, इंजेक्शन दिलं. लोक आनंदाच्या पाठीवर थापा मारत होते. "मी नाय, शेटनी..." तो सांगायला लागला, तेव्हा फारूकने त्याला गोठ्यामागे ओढलं.

"आनंदा, सुरी तुझ्या हातात होती. हेच सांग."

"खोटं बोलू?"

"तुझा हात वर होता. अर्धं खरंच आहे."

पहिल्या दिवशी आनंदाने ते लाजत सांगितलं. पुढे लाज कमी होत गेली. मग काळूरामनेही पोळाचे पाय धरले होते असं निघालं. आठवडाभरात पाय धरणारी माणसं पोळाच्या पायांपेक्षा जास्त झाली. फारूक मात्र त्या आठवड्यात जेमतेम झोपला. मोहल्ल्यात रात्री मोटारसायकल थांबली तरी तो उठून बसायचा. पोळ बरा होता, पण टाके उसवले तर? कोणाला तो अर्धा शब्द आठवला तर?

एकदा पनवेलच्या एसटी स्टँडसमोर तो चहा घेत असताना बाकावरचा एक अनोळखी माणूस दुसऱ्याला सांगत होता, "अरे, आपट्याकडे देवीचा पोळ फुगला होता. गावातल्या पोरांनी पोटात सुरी मारून वाचवला! मर्द माणसं!"

फारूकचा कप हातातच राहिला. न विचारणं शहाणपणाचं होतं. त्याने विचारलं.

"शेत कोणाचं होतं म्हणे?"

त्या माणसाने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"शेत? ते कोण विचारतंय? पोळ जगला ना!"

फारूकने मान डोलावली. चहा निवला होता. तरी त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.