खुळखुळणारी पेटी

मागच्या फेरीत दोन पेट्यांमधली बेसिनं फुटलेली निघाली आणि माल घेणाऱ्या दुकानदाराने आमच्या ह्यांना चार लोकांत निष्काळजी ठरवलं. मालाबरोबरच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, ‘माल सुस्थितीत’ असं छापलेलं आणि खाली ह्यांची सही. बोलणार काय, कपाळ! तेव्हापासून ह्यांनी तोंडाला कुलूपच लावलं. काल एवढंच म्हणाले, "आता ही शेवटची फेरी. मग ट्रक विकून टाकू."

म्हटलं, बघतेच कशी शेवटची होते ती. आणि ह्यांच्या शेजारी चढून बसले.

गोदामात मी एकेक पेटी हलवून पाहिली. एक खुळखुळली.

"भाऊ, ह्यातलं फुटलंय. बिल्टीवर लिहा," मी कारकुनाला म्हटलं.

"पेटी सीलबंद आहे, वहिनी. फुटलंय कशावरून?"

"मग खुळखुळते असं लिहा."

"असं कुणी लिहीत नाही हो! मालक माझी सालं काढतील."

"आणि तिकडे आमची काढतात, त्याचं काय?"

मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. हे हळूच म्हणाले, "अगं, जाऊ दे. करतो मी सही." मी त्या पेटीवरच फतकल मारली, आतलं फुटायचं राहिलं होतंच कुठे! सगळे बघत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण उठायचं नाही म्हणजे नाही. शेवटी कारकुनाने हात जोडले आणि सगळ्या प्रतींवर लिहिलं, ‘एक पेटी भरतानाच खुळखुळत होती.’

माल पोचवला, तर दुकानदार तोच होता, मागचाच. आज घाईत होता. "आणा इकडे, सही करून टाकतो," म्हणाला.

मी तोंड उघडणार, तोच हे पुढे झाले. "आधी वाचा. मग ती पेटी माझ्यासमोर उघडा. नंतर आमच्या नावाने बोंब नको."

इतक्या दिवसांनी ह्यांचा तो आवाज ऐकला आणि माझे डोळे भरून आले, लपवायचं काय त्यात!

पेटीत तुकडेच होते. दुकानदाराने ती ओळ पुन्हा वाचली. "हे काही तुमच्या हातून फुटलेलं नाही," तो पुटपुटला.

"तसंच लिहा," हे म्हणाले. "आणि जरा मोठ्याने वाचा. हमालांनाही ऐकू दे."

त्याने लिहिलं. वाचलंही.

ट्रकमध्ये बसल्यावर ह्यांनी विचारलं, "उद्या कुठला माल भरायचाय?"

"ट्रक विकायचा होता ना?"

"कुणाचा ट्रक?" म्हणाले, आणि किल्ली फिरवली.