बिडाचा ठसा

रश्मीने पडद्यावरचा आलेख मोठा केला आणि चूक तिला लगेच दिसली.

जवळच्या सक्रिय दीर्घिकांमधला ऑक्सिजन अजिंक्यने एका पट्टीने मोजला होता, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला दुसऱ्याच. दोन्हींचे आकडे न जुळवताच एका रेषेत मांडले होते आणि निष्कर्ष ठोकला होता: विश्व तरुण होतं तेव्हाही या दीर्घिकांत आजच्याइतकेच धातू होते. हा शोधनिबंध छापून आला की कुणीतरी चिंधड्या उडवणार.

"काय वाटतंय?" अजिंक्य खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. संत तुकाराम नगरातल्या या घरी तो पहिल्यांदाच आला होता.

चार वर्षांपूर्वी तिची मोजमापं त्याने स्वतःच्या नावावर छापली होती. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ: आकृत्या काढून दिल्याबद्दल रश्मी यांचे आभार.

तिचे वडील भीमराज चहा घेऊन आले.

"ऑक्सिजनला धातू म्हणता राव तुम्ही! आमच्या फाउंड्रीत असं बोललो असतो, तर गेटाबाहेर काढलं असतं."

"काका, आमच्याकडे हायड्रोजन-हेलियम सोडून सगळेच धातू."

"असेल बाबा. पण हिचं इन्स्पेक्शन कडक, बरं का. माझी पोरगी आहे." त्यांनी टेबलावरचा बिडाचा, ओतीव लोखंडाचा तुकडा उचलून दाखवला. त्यावर सतरा आकडा ठोकलेला होता. "हा माझा ठसा. पास करणाऱ्यानं आपला ठसा मारायचा. माल परत आला, की कुणाला बोलवायचं ते कळतं."

रश्मीने आलेख पुन्हा लहान केला.

"पास," ती म्हणाली. "काही बदलू नकोस. पाठव."

आवाज इतका गोड, की भीमराजांनी वर पाहिलं.

अजिंक्यने श्वास सोडला. "त्या पट्ट्यांचीच धाकधूक होती गं. तू म्हणतेस म्हणजे प्रश्नच मिटला."

लॅपटॉप ओढून घेत त्याने काहीतरी टाइप केलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"मागच्या वेळी नीचपणा केला मी. या वेळी पहिलं नाव तुझं. पाठवू?"

भीमराजांनी चष्मा लावला. बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं.

"रश्मी भीमराज... अरे, माझंबी नाव आलं की!"

अजिंक्यचं बोट बटणावर थांबलं होतं. रश्मीने तुकडा हातात घेतला. तिचा अंगठा त्या सतरावर दाबलेलाच राहिला.