पुष्पाबाईंच्या असील कोंबड्या

मी एक म्हातारी, एका डोळ्याची असील कोंबडी आहे, मित्रांनो. असील हे आपल्याकडचं जुनं वाण. पाय उंच, मान लांब, तुरा वाटाण्याएवढा. आम्ही अंडी कमी घालतो, पण पिल्लं राखावीत तर असीलनंच, असं लोक म्हणतात. मी मुर्रीला राहते, गोंदिया शहराच्या अगदी कडेला. आमच्या अंगणामागं धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आहे आणि तिच्या पलीकडून दिवसभर राइस मिलचा आवाज येतो.

माझ्या मालकीण पुष्पाबाई. त्यांच्या लग्नात त्यांच्या आईनं असीलची एक जोडी टोपलीत घालून दिली होती. आम्ही सगळे त्या जोडीच्या वंशातले. पुष्पाबाईंनी वाण शुद्ध ठेवलं. झुंजीसाठी कोंबडा मागायला लांबून माणसं येत, पण त्या देत नसत. ज्या घरी कोंबड्या पाळायच्या असतील, तिथंच त्यांचा कोंबडा जाई.

माझा जन्म तणसाच्या टोपलीतला. लहान असताना पुष्पाबाई आम्हाला कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, भरडून घालायच्या आणि वारूळ फोडून वाळवी आणायच्या. मोठी झाल्यावर मी दर हंगामाला अंड्यांवर बसले. एकदा खुराड्यात मुंगूस शिरलं. मी त्याच्या अंगावर गेले. ते पळालं, पण माझा डावा डोळा गेला. पुष्पाबाईंनी त्यात हळद भरली. त्यांचे यजमान देवचंद पुढं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत होते. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी अंड्यांवर बसले होते. माझी टोपली घरात, धानाच्या कोठीमागं ठेवलेली होती. बाकीचा कळप अंगणात होता. त्याच सुमारास घरातली सून मंजू गरोदर होती आणि डॉक्टरांनी तिला रोज अंडी खायला सांगितली होती. देवचंदांनी बाजारातून जास्त अंडी देणाऱ्या चार कोंबड्या आणल्या.

"तुया असील कवा अंडे देतीन अन् कवा ते पोरगी खाईन?" ते म्हणाले.

"आनल्या तं आनल्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "पन पंधरा दिवस येगळ्या ठेवा जी. बाजाराचा माल होय."

"बाहेर पानी येऊन राहिलं. कुठं ठेवू? आजच्या रातीची तं गोष्ट हाय."

त्या रात्री नव्या कोंबड्या आमच्या खुराड्यात गेल्या आणि मग तिथंच राहिल्या.

आठवड्याभरात त्यांतली एक मान वाकडी करून फिरू लागली. हिरवट हगवण लागली. तो मानमोडी रोग होता. त्याची लस मिळते, पण तिची एक बाटली शंभर कोंबड्यांना पुरते आणि उघडली की लगेच संपवावी लागते. गल्लीतल्या बायका मिळून आणू म्हणायच्या आणि ते राहून जायचं. त्या वर्षीही राहून गेलं होतं.

पुष्पाबाई आजारी कोंबड्यांना हात लावत होत्या, म्हणून त्यांनी माझ्याजवळ येणं बंद केलं. माझं दाणापाणी मंजूकडं दिलं. मंजू शहरातली, कोंबड्यांना भिणारी. ती वाटी काठीनं माझ्यापुढं सरकवायची. पुष्पाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या.

"खाऊन राहिली का ते?"

"हो माय, खाऊन राहिली. तुमी अंदर नका येऊ."

त्या आत आल्या नाहीत. दारातून माझ्याकडं बघायच्या आणि परत जायच्या.

बाहेरचे आवाज कमी होत गेले. आधी पिल्लांचे गेले, मग माझ्या बहिणींचे. शेवटी फक्त कोंबडा आरवत होता, मग तोही थांबला. देवचंदांनी बांधाजवळ खड्डा खणला आणि चुना टाकून सगळ्यांना पुरलं. बाजारातल्या चारही त्यांच्यातच गेल्या.

मला काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, मला काहीच वाटलं नाही. वाटीत असेल ते मी खाल्लं. अंडी उलटायची वेळ झाली की पाय आपोआप हलायचे. पुष्पाबाईंचंही तसंच चाललं होतं. त्या स्वयंपाक करायच्या, शेतात धानाच्या रोवणीला जायच्या, परत यायच्या. रडल्या नाहीत. कोणी काही विचारलं की फक्त "हो" म्हणायच्या.

पिल्लं बाहेर येऊ लागली तेव्हा त्या न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. एक ओलं पिल्लू त्यांनी तळहातावर घेतलं.

"आता काऊन निंगले रे तुमी?" त्या हळूच म्हणाल्या आणि त्याला परत माझ्याखाली ठेवलं.

देवचंद दारात उभे होते. "चूक माही झाली," ते म्हणाले.

"पोरीसाठीच आनल्या होत्या ना तुमी," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या विषयावर ती दोघं पुन्हा बोलली नाहीत. पण त्याच महिन्यात देवचंद घरोघर फिरले, सगळ्यांच्या कोंबड्या मोजल्या आणि थर्मासात बर्फ घालून लसीची बाटली आणली.

पिल्लांना पाहून मला आनंद झाला, असं मी सांगणार नाही. मी त्यांना चालवलं, घार दिसली की पंखाखाली घेतलं. पिल्लं मोठी झाली. अंगणात पुन्हा असील दिसू लागल्या. मंजूची मुलगी आता त्यांच्यामागं रांगते. मी मात्र अंडी घालत नाही आणि पूर्वीसारखं काही वाटतही नाही.

परवा देवचंदांचे साळे टेकचंद आले. भाच्याच्या लेकीसाठी म्हणून पिशवीतून एक कोंबडी घेऊन आले होते. देवचंदांनी त्यांना फाटकातच थांबवलं.

"टेकचंद, थैली आत आनू नोको. गोठ्यामागं पिंजरा हाय. महिनाभर तिथंच राहीन ते."

टेकचंद हसले. "काऊन जी भाऊजी? कोंबडीच तं होय."

देवचंद हसले नाहीत. पुष्पाबाईंनी वेगळी वाटी घेतली, तिच्यात पाणी भरलं आणि त्या गोठ्यामागं गेल्या.

मित्रांनो, तुमच्या गावात कोणाकडं असं जुनं वाण दिसलं, तर ते आपोआप टिकलं असं समजू नका. कोणीतरी रोज ते टिकवत असतं. नवी कोंबडी आणाल तर तिला आधी दूर ठेवा. लस शेजाऱ्यांनी मिळून आणा, राहू देऊ नका. आणि ज्या अंगणात खुराडं रिकामं झालं असेल, तिथं गेलात तर "कोंबडीच तर होती" असं म्हणू नका. थोडा वेळ नुसतं बसा.